बोलका केसपेपर

(आरोग्यसेवेतील डिजिटल तंत्रज्ञान या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



१७ एप्रिल २०२१ ची सायंकाळ. वांगणी स्थानकाच्या फलाटावरून एक दृष्टिहीन माता आपल्या सहा वर्षांच्या मुलासह चालली होती. चालता चालता मुलाचा तोल गेला आणि ते रुळांवर पडले. समोरून उद्यान एक्स्प्रेस वेगाने येत होती. मूल पडल्याचे मातेला कळले, पण ते नेमके कोठे आहे हे तिला दिसत नव्हते. ती फलाटाच्या कडेशी चाचपडत राहिली. त्याच क्षणी रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून थेट गाडीच्या दिशेने धावले. त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ठेवले आणि गाडी पोहोचण्यापूर्वी जेमतेम क्षणभर आधी ते स्वतः वर चढले. स्थानकावरील कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पुढे साऱ्या देशाने पाहिले. रेल्वेने दिलेल्या पन्नास हजार रुपयांच्या बक्षिसातील निम्मी रक्कम त्याच मुलासाठी देण्याची इच्छा शेळके यांनी व्यक्त केली.

आजच्या विषयाचा आशय या प्रसंगात सामावलेला आहे. कॅमेऱ्याने सारे काही पाहिले, साठवले आणि देशाला दाखवले. धावला तो माणूस. रुग्णसेवेत यंत्राकडून काय अपेक्षावे आणि माणसाकडून काय, याचा विवेक सुटला की लाखो रुपयांची यंत्रणाही रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. हा विवेक सांभाळला तर खिशातला साधा मोबाइलही एखाद्याचा जीव वाचवू शकतो.

हा विचार वांगणीच्या निमित्ताने करावा, याला कारण आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि शेलू यांच्यामध्ये वसलेल्या, अंबरनाथ तालुक्यातील या गावात अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. मुंबईच्या मानाने परवडणारे घर आणि थेट लोकल, या दोन गोष्टी त्यांच्यासाठी मोलाच्या आहेत. यांतील कित्येकांचा चरितार्थ लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तू विकून किंवा गाणी गाऊन चालतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, तेव्हा त्यांची मिळकतही त्याच दिवशी थांबली. देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार पन्नास लाखांहून अधिक होती. आरोग्यसेवेचे डिजिटल रूप खरोखर सर्वांसाठी आहे की नाही, याची परीक्षा महानगरातील तारांकित रुग्णालयात होणार नाही. ती वांगणीसारख्या ठिकाणी, दोन्ही पालक दृष्टिहीन असलेल्या घरात होईल.

चिकित्सेचे चार पाय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. यांपैकी प्रत्येकाचे चार गुणही तेथे दिले आहेत. रुग्णाच्या गुणांमध्ये दोन गुण असे आहेत की ते वाचून आजचा वाचक क्षणभर थबकतो. एक स्मृती, म्हणजे आपल्या आजाराचा इतिहास आठवणे. आणि दुसरा ज्ञापकत्व, म्हणजे तो वैद्याला नीट सांगता येणे. परिचारकाच्या गुणांत सेवेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला रुग्णाविषयीचा अनुराग अनिवार्य मानला आहे.

या चौकटीत संगणकाला कोठे बसवायचे? तो पाचवा पाय नव्हे. तो औषधाप्रमाणे एक साधन आहे; मात्र रुग्णाची स्मृती आणि त्याचे सांगणे या दोहोंना बळ देणारे विलक्षण समर्थ साधन आहे. अनुराग मात्र त्याच्याजवळ नाही, आणि तो त्याच्याकडून मागूही नये.

पिशवीतील मुके कागद

आपल्याकडील बहुतेक घरांत रुग्णाची स्मृती एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते. जुने केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि औषधांच्या चिठ्ठ्या. डोळस माणसालाही त्यांतून हवा तो कागद काढताना वेळ लागतो. दृष्टिहीन रुग्णाच्या दृष्टीने ते सारे कागद मुके असतात. कोणता कागद रक्तातील साखरेचा, कोणता हृदयाच्या तपासणीचा, हे स्पर्शाने कळत नाही. शेजारी किंवा शाळेत जाणारे मूल हेच त्याचे वाचक होतात. आपला आजार कोणाला कळावा आणि कोणाला कळू नये, हे ठरविण्याचा साधा अधिकारही त्याच्या हाती राहत नाही.

औषधांचेही तसेच. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या हाताला सारख्याच लागतात. मग कोणी एका पट्टीला रबर बांधतो, कोणी एक पट्टी दिव्याशेजारी आणि दुसरी पाण्याच्या माठाजवळ ठेवतो. ही युक्ती घरच्या घरी चालते. पण दुकानदाराने वेगळ्या कंपनीची पट्टी दिली की सारा हिशेब चुकतो. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशानुसार औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव ब्रेलमध्ये छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या तीनशे प्रमुख ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड आवश्यक झाला. त्यात औषधाचे मूळ नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख यांचा समावेश असतो. बनावट औषधे ओळखता यावीत हा या नियमाचा हेतू. परंतु तोच कोड मोबाइलने टिपून त्यातील मजकूर ऐकता आला, तर दृष्टिहीन माणसाला औषधाचे नाव आणि मुदत कोणालाही न विचारता कळू शकते. उणीव एवढीच की, तो कोड वेष्टनावर कोणत्या बाजूला आहे हे बोटांना कळेल अशी खूण नसते. ही खूण करणे फार खर्चाचे काम नाही. त्यासाठी असा रुग्ण अस्तित्वात आहे याचे भान मात्र हवे.

स्मृती सोबत असणे किती महत्त्वाचे, याचे आणखी एक उदाहरण याच परिसरातील आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकून पडली. सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांसह डॉक्टरांचे पथक पाठविण्यात आले होते. अशा वेळी तपासणारा डॉक्टर रुग्णाला प्रथमच पाहत असतो. तिचा रक्तगट कोणता, रक्तदाब वाढतो का, आधीची प्रसूती कशी झाली, हे सांगणारी नोंद घरच्या कपाटात असेल तर तिचा त्या घटकेला काय उपयोग?

बोलणारी नोंद

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर आज बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही प्रणाली लिहावयास घेतली. ती जगभर विनामूल्य उपलब्ध आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक ही तशीच सोय असते. त्यामुळे ज्याला छापील अक्षर वाचता येत नाही, त्याला पडद्यावरचे अक्षर ऐकता येते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यात नागरिकाला आभा नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. रुग्णाच्या सर्व नोंदी एखाद्या मध्यवर्ती कोठारात जमा होतात, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. नोंद ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत तयार झाली तेथेच राहते. रुग्णाने संमती दिली की ती दुसऱ्या डॉक्टरला ठरावीक काळापुरती पाहता येते. ऑक्टोबर २०२२ पासून क्यूआर कोड टिपून बाह्यरुग्ण विभागाचे टोकन घेण्याची सोयही सुरू झाली. खिडकीपाशी उभे राहून नाव, वय, पत्ता पुन्हा पुन्हा सांगण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. हातातील पांढरी काठी सांभाळत रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला या वाचलेल्या वेळाची किंमत अधिक कळते.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचेही असेच. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला ई-संजीवनीची घरबसल्या सल्ला देणारी सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. या सेवेचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात रुग्ण आपल्या मोबाइलवरून थेट डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्या प्रकारात तो जवळच्या आरोग्य केंद्रात जातो, आणि तेथील आरोग्य कर्मचारी त्याच्या शेजारी बसून दूरच्या तज्ज्ञाशी संपर्क साधतो. दृष्टिहीन रुग्णाला हा दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरावा. पायावरची जखम कॅमेऱ्यासमोर नेमकी धरणे त्याला अवघड जाते. शेजारी बसलेला कर्मचारी ते करतो, रक्तदाब मोजतो आणि डॉक्टरने सांगितलेले पुन्हा समजावून देतो. येथे यंत्र आहे, परंतु त्याच्या जोडीला परिचारकही आहे. चरकांच्या चार पायांपैकी एकही तुटलेला नाही.

तंत्रज्ञानाने आणखी एक दार उघडले आहे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारा परिणाम सुरुवातीला रुग्णाला जाणवत नाही. जाणवतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र पाहून हा दोष ओळखणारी संगणकीय पद्धत २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आली. तिच्या उभारणीत भारतीय नेत्ररुग्णालयांतील छायाचित्रांचाही उपयोग झाला होता. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने लहान केंद्रात छायाचित्र घ्यावे आणि संशयित रुग्णाला वेळीच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे, इतके हे काम आता सुलभ झाले आहे. ज्या गावाने अंधत्वाचे ओझे जवळून पाहिले आहे, त्या गावातील डोळस मधुमेहींना या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

बंद दाराचा धडा

साधने आली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे मात्र घातक आहे. याचा धडा देशाने २०२१ मध्ये घेतला. त्या वर्षी १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर आगाऊ वेळ घेणे आवश्यक होते. एवढ्या अवाढव्य देशात कोट्यवधी डोसांची नोंद ठेवणारी ही यंत्रणा निःसंशय मोठे यश होती. परंतु ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यातील काही उणिवा बारकाईने दाखवून दिल्या. दृष्टिहीन व्यक्तीसाठी ध्वनिरूप कॅप्चा नव्हता. वयोगट, लसीचे नाव, मोफत की सशुल्क हे निवडण्याची सोय त्यांना वापरता येत नव्हती. किती जागा शिल्लक आहेत हा आकडा ऐकू येई. पण त्या कोणत्या लसीच्या आणि कोणत्या वयोगटासाठी, हे कळत नसे. केवळ कळफलकाच्या साहाय्याने संकेतस्थळावर फिरण्याची सोय नव्हती.

पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, तरच तुम्ही माणूस आहात हे मान्य होईल, असा कॅप्चाचा न्याय. ज्याला अक्षरच दिसत नाही, त्याला यंत्राने दारातच अडवले. पुढे दुरुस्ती झाली. २४ मे २०२१ पासून शासकीय केंद्रांवर या वयोगटाची प्रत्यक्ष नोंदणी सुरू झाली होती. सप्टेंबरमध्ये घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आणि दिव्यांगांना घरी जाऊन लस देण्याची मुभा मिळाली. दोन्ही वेळा उपाय म्हणून माणूसच पुढे आला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अशा उणिवा कोणाच्या दुष्ट हेतूने राहत नाहीत. त्या विस्मरणाने राहतात. रुग्णालयाचा लिखित अहवाल मोबाइलवर येतो, पण तो कागदाचे छायाचित्र असतो. वाचक-प्रणालीला त्यात अक्षरे सापडत नाहीत. तक्ता असतो, पण तपासणीचे नाव एकीकडे आणि आकडा भलतीकडे वाचला जातो. कागद स्कॅन केला म्हणजे नोंद डिजिटल झाली, हा भ्रम सोडला पाहिजे. टंकलिखित मजकूर बोलतो. छायाचित्र मुके राहते. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला होता. ती चिठ्ठी टंकलिखित दिली, तर डोळस आणि दृष्टिहीन दोघांचेही भले होईल.

कायदाही आता स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ माहिती आणि संपर्कसाधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगम्यतेचे मूलभूत निकष ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी तर डिजिटल सेवा वापरता येणे हे जीवनाच्या मूलभूत हक्काचे अंग मानले गेले. म्हणून बोलका केसपेपर मागणे ही याचना नाही.

विश्वासाची कुलपे

दुसरी सावधगिरी गोपनीयतेची. दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो वाचून दाखविणारा अनोळखी असेल तर आरोग्याच्या नोंदींची किल्लीच परक्याच्या हाती जाते. संमतीचा मजकूर पानभर असतो. तो न ऐकवता केवळ होकार घेतला जातो. असा होकार ही खरी संमती नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण त्याचे रक्षण शेवटी माणसाच्या सचोटीवर अवलंबून असते. कार्यकर्त्याने मदत करताना मोबाइल आधी रुग्णाच्याच हाती द्यावा, टॉकबॅक सुरू करण्यास शिकवावे आणि ओटीपी त्यालाच ऐकू द्यावा. शिकवण्यात पाच मिनिटे अधिक जातील, पण तो रुग्ण पुढच्या वेळी कोणावर अवलंबून राहणार नाही.

यंत्रणा बंद पडू शकते, हेही विसरू नये. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली आणि कितीतरी दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरी राहू द्यावी. त्यावर बोटांना कळणारी खूण करावी: रक्ताच्या अहवालाला एक कोपरा कापलेला, हृदयाच्या अहवालाला दोन. नवे स्वीकारताना जुना आधार सोडण्याचे कारण नाही.

काय करता येईल

यासाठी फार मोठे साधनबळ लागत नाही. वस्तीत संपर्क ठेवणाऱ्या प्रत्येक गटाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, दृष्टिहीन कुटुंबांतील ज्यांची इच्छा असेल त्यांना आभा क्रमांक काढण्यास साहाय्य करावे आणि त्याचा अर्थ संपूर्ण ऐकवावा. दुसरी, घरातील औषधांची यादी रुग्णाच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. औषधाचे नाव, वेळ आणि कोणत्या आजारासाठी ते सांगावे. डॉक्टरने गोळी बदलली की नवे मुद्रण करावे. तिसरी, परिसरातील दवाखाने आणि प्रयोगशाळा यांना भेटून अहवाल छायाचित्राऐवजी टंकलिखित स्वरूपात पाठविण्याची नम्र विनंती करावी. चौथी, रुग्णाला बदलापूर, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा मुंबई येथे जावे लागले तर सोबत जाणारा एक माणूस ठरलेला असावा. लोकलमधून उतरवणे, योग्य विभागाच्या दाराशी पोहोचवणे आणि डॉक्टर बोलत असताना ऐकत राहणे, हे काम कोणतेही ॲप करणार नाही.

आरोग्यसेवेची नवी सोय गावात आली की तिची एक सोपी कसोटी घ्यावी. मोबाइलचा पडदा झाकावा आणि केवळ ऐकून ती वापरता येते का, ते पाहावे. जेथे अडेल तेथे नोंद करावी आणि ती नोंद संबंधितांपर्यंत लेखी पोहोचवावी. या कसोटीला उतरलेली सेवा वृद्धाला, निरक्षराला आणि घाबरलेल्या नातेवाइकालाही सोपी जाईल.

त्या एप्रिलच्या सायंकाळी मयूर शेळके यांना मूल दिसले, कारण त्यांची नजर आपल्या कामावर होती. वांगणीच्या घराघरांत आज कोणाची गोळी चुकते आहे, कोणाचा अहवाल महिनाभर पिशवीत पडून आहे, हे पाहण्यासाठीही तशीच नजर हवी. येत्या रविवारी प्रत्येकाने अशा एका घरी जावे, ती पिशवी त्या कुटुंबाच्या संमतीने उघडावी आणि त्यातला पहिला कागद मोठ्याने वाचून दाखवावा. पुढचे काम काय आहे, ते तो कागदच सांगेल.